घोडेस्वारीचं संरक्षक जाकीट: 'लेव्हल ३' म्हणजे नक्की किती मार सोसतं?

अनघा_मिडलंड्स

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. लेक बारा वर्षांची आहे, पोनी क्लबात जाते आणि या उन्हाळ्यात तिला क्रॉस कंट्री सुरू करायचंय. म्हणजे मोकळ्या रानात ओंडके, चर, पाणी असं ओलांडत घोडं पळवायचं. त्यासाठी अंगात संरक्षक जाकीट लागतंच, आणि त्यावर 'बीटा २०१८, लेव्हल ३' असं लेबल हवं, असं क्लबने कळवलंय. (बीटा ही इथली घोडेस्वारीच्या साहित्यविक्रेत्यांची संघटना. युरोपियन मानकाप्रमाणे चाचणी झालेल्या जाकिटांना ती लेबल देते.)

तिच्या मैत्रिणीच्या आईने त्यांचं जुनं जाकीट देऊ केलंय. दिसायला छान, लेव्हल ३ च, पण लेबल जांभळं. दुकानातल्या नव्यांवर निळं-काळं लेबल आहे. नव्याची किंमत बरीच आहे आणि मुलगी वर्षभरात वाढणार, म्हणून मन जुन्याकडे ओढ घेतंय. दुसरीकडे, क्लबातल्या काही मुली वरून हवा भरणारं जाकीटही घालतात, ते तर त्याहून महाग.

पैशांपेक्षा माझी खरी अडचण अशी आहे की हे जाकीट काय करतं आणि काय करत नाही, हे मला कुणी सांगत नाहीये. दुकानदार म्हणतो "हे सर्वात वरचं". वरचं म्हणजे कशाच्या वरचं? चाचणी कशी घेतात? पोनीवरून पडली तर बरगडी वाचेल, की पोनी अंगावर पडली तरी वाचेल? कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा.

रिमझिम०७

वाचतेय. माझा मुलगाही शिकतोय, पण अजून दुडकीवरच आहे.

रिकीब_पुणे

अनघाताई, जांभळं लेबल म्हणजे २००९ चं मानक. २०१८ च्या लेव्हल ३ ला निळं-काळं. क्लबाने २०१८ मागितलंय तर तपासनीस ते जाकीट परत पाठवणार, प्रश्न तिथेच मिटला. आणि मानक चाललं असतं तरी मी घेतलं नसतं. त्या जाकिटाने किती पडणं खाल्लंय ते बाहेरून दिसत नाही. आतला फोम एकदा जोरात दबला की काही फोम पूर्ण उसळून परत येत नाहीत. बीटाचाच सल्ला आहे की तीन ते पाच वर्षांत बदला, आणि मोठ्या पडण्यानंतर लगेच बघून घ्या.

मी रेसच्या घोड्यांना सकाळी काम देतो, म्हणून माझ्या अंगात लेव्हल १. ते बघून कुणी मुलांना लेव्हल १ घेऊ नका. ते हलकं असतं, शर्यतीतल्या परवानाधारक जॉकींसाठीच असतं. आमच्याकडे वजनाचा हिशेब ग्रॅमात चालतो म्हणून ती तडजोड आहे.

मोकाशी_काका_नागपूर

आम्ही फौजेत असताना मेरठला घोड्यावर बसायला शिकलो तेव्हा अंगात खाकी शर्ट आणि डोक्यावर टोपी. पडायचो, उठायचो, परत बसायचो. उस्ताद म्हणायचे, पडला नाही तो स्वार झाला नाही. पोरीला पडायला शिकवा, जाकिटाचं नंतर बघा.

सह्यकडा

काका, पडायला शिकवायलाच हवं, पण जाकिटाचं आधी बघू.

मी चाकणला दुचाकीस्वारांच्या संरक्षक साहित्याच्या चाचण्या करतो. घोडेस्वारीचं मानक वेगळं आहे, ईएन १३१५८, पण यंत्राचं तत्त्व तेच. खाली पोलादी ऐरण, ऐरणीखाली बल मोजणारा सेन्सर. ऐरणीवर जाकीट पसरायचं आणि वरून ठरलेलं वजन ठरलेल्या उंचीवरून रुळावरून सोडायचं. जाकिटातून पार होऊन ऐरणीवर किती बल पोचलं, तेवढंच मोजायचं. ते मर्यादेखाली असेल तर पास.

आघाताची ताकद ज्यूलमध्ये सांगतात. ५ किलोचं वजन १ मीटरवरून सोडलं की साधारण ५० ज्यूल. मोटरसायकलच्या पाठीच्या पॅडची चाचणी हीच. तिथे लेव्हल १ ला सरासरी १८ किलोन्यूटन (बलाचं एकक, १ म्हणजे हजार न्यूटन) पार गेलं तरी चालतं, लेव्हल २ ला ९. घोडेस्वारीच्या मानकात आघात याहून सौम्य, पण पार जाणाऱ्या बलाची मर्यादा पुष्कळ कडक. ती चाचणी नुसत्या पाठीच्या पॅडची, तर इथे बरगड्या, छाती, पोट सगळंच झाकायचं असतं.

आता 'लेव्हल'चा अर्थ. १ पासून ३ पर्यंत आघात वाढत जातो, पार जाणाऱ्या बलाची मर्यादा मात्र तीच राहते. म्हणजे लेव्हल ३ जास्त जोराचा फटका खाऊनही आत तेवढंच पोचू देतं. त्यापलीकडचं काहीही लेव्हल ३ सांगत नाही.

गोमंतक_दर्या

सह्यकडा, माहिती बरी दिलीत. पण हिशेब करून बघा ना. ४५ किलोची मुलगी दीड मीटरवरून पडली तर ऊर्जा किती? माझ्या हिशेबाने साडेसहाशे ज्यूलच्या वर जाते. तुमची चाचणी पन्नास ज्यूलच्याही आतली. मग ही चाचणी म्हणजे नुसतं लेबल लावायचं निमित्त वाटतं मला. पाचशे किलोचं घोडं अंगावर आलं तर विचारूच नका.

सह्यकडा

दर्याभाऊ, आकडा बरोबर आहे. ४५ × ९.८ × १.५ केलं की ६६० च्या आसपास येतं. पण सगळी ६६० एका ठिकाणी जात नाही. माणूस म्हणजे एक घट्ट ठोकळा नव्हे. आधी हात टेकतो, मग खांदा, मग कूस, शरीर वळतं, दुमडतं, माती दबते, गवत दबतं. प्रत्येक जागी थोडी थोडी ऊर्जा खर्च होते. जाकिटाची चाचणी त्यातल्या एकाच प्रसंगाची नक्कल करते: एका छोट्या जागेवर एक जोराचा फटका. ओंडक्याची कड बरगडीवर लागली, खांबाचं टोक लागलं, टाप लागली.

फोमला इतकंच जमतं, याचं कारण जाडी. थांबायला जागा किती मिळते यावर सगळं अवलंबून असतं. ४५ ज्यूलचा आघात २ सेंटीमीटर अंतरात थांबवला तर सरासरी बल साधारण २२५० न्यूटन. तोच ५ मिलिमीटरमध्ये थांबवला तर ९०००. म्हणजे चौपट. आता तुमचे ६६० ज्यूल २ सेंटीमीटरमध्ये थांबवायला जा, ३३ हजार न्यूटन होतात. असं कुठलंही जाकीट बाजारात नाही आणि अंगात घालता येईल असं होऊही शकत नाही. म्हणून चाचणी मुळात प्रामाणिक आहे. अपेक्षा लेबलाच्या पलीकडची ठेवली की घोळ होतो.

रिमझिम०७

हे वाचून डोक्यात प्रकाश पडला. मग फोम जितका मऊ तितका चांगला का?

सह्यकडा

नाही. फार मऊ असला तर वजन पडताक्षणी पूर्ण दबून जातो आणि उरलेला सगळा फटका थेट ऐरणीला बसतो. आमच्या ग्राफवर तिथे एकदम उभा सुळका दिसतो. फार कडक असला तर दबतच नाही, म्हणजे थांबायला अंतरच देत नाही. दबायला हवा पण तळ गाठता कामा नये, एवढ्यात सगळं कौशल्य. त्यात पुन्हा काही फोम थंडीत ताठ होतात आणि अंगाच्या उबेने नरम पडतात. पीव्हीसी-नायट्राइलचे तसे असतात. त्यामुळे दुकानातल्या गारठ्यात अंगाला न बसणारं जाकीट थोड्या वेळाने बसू लागतं.

डॉ_मोरपंख

मी यॉर्कशायरला ट्रॉमा विभागात आहे. घोड्यांचे तबेले आजूबाजूला खूप, त्यामुळे असे रुग्ण नेहमी येतात. दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत.

पहिली, मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. मोठ्या माणसाची बरगडी जिथे मोडेल तिथे मुलाची वाकते आणि परत जागेवर येते. एक्सरेत मोडलेलं काही दिसत नाही, पण आत फुफ्फुसाला मुका मार बसलेला असतो. यकृत उजवीकडे आणि प्लीहा (पांथरी) डावीकडे खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असते. तिथे टाप लागली, किंवा पडताना खोगिराची कड लागली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि पहिला तास मूल अगदी ठीक वाटू शकतं. म्हणून छातीवर-पोटावर जोराचा फटका बसला की "बरगडी मोडली नाही ना, मग झालं" असं म्हणून घरी जाऊ नका. डाव्या खांद्यात दुखतंय असं मूल म्हणालं आणि खांद्याला काही लागलेलं नसेल, तर ते प्लीहेचंही लक्षण असू शकतं. फिकट पडलं, घाम आला, ओकारी आली, पोट दुखायला लागलं, तर थेट रुग्णालय गाठा.

दुसरी, सह्यकडांच्या ऐरणीला बरगड्या नाहीत. गाड्यांच्या क्रॅश टेस्टमध्ये डमीची छाती किती आत गेली आणि किती वेगाने गेली हे दोन्ही मोजतात, कारण मऊ अवयवांना इजा होण्यात वेगाचा वाटा मोठा असतो. व्हियानो आणि लाऊ या संशोधकांनी १९८० च्या दशकात त्यावर मूलभूत काम केलं. जाकिटाच्या चाचणीत पोलादी ऐरणीवरचं बल मोजतात, आतल्या यकृताचं काय झालं ते त्यातून कळत नाही. जाकीट घालू नका असं मी म्हणत नाहीये. माझी मुलगी घालते, आणि जाकिटाशिवाय मी तिला उड्यांच्या रानात पाय ठेवू देत नाही. फक्त त्या आकड्याला जे सांगता येत नाही ते त्याच्या तोंडी घालू नका.

अनघा_मिडलंड्स

डॉक्टर, मनापासून आभार. खांद्याच्या दुखण्याचं मला बिलकुल माहीत नव्हतं. लिहून फ्रिजवर लावलंय.

चिंचगूळ

आपल्या पूर्वजांकडे चिलखत होतं की! ते घालून पोनी क्लबात जायचं, परीक्षक पण वचकून राहतील :)

सह्यकडा

चिंचगूळ, गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा भारी आहे. कड्यांचं चिलखत तलवारीची धार अडवतं, पण बोथट फटका पलीकडे पोचवतं. फटका सोसायचा तो त्याच्या आत घातलेल्या कापूस भरलेल्या अंगरख्याने. आजच्या जाकिटात धारेचं काम उरलं नाही, फक्त अंगरख्याचं उरलंय.

निळावंती

मी जर्मनीत हॅनोव्हरजवळ राहते, इव्हेंटिंग (क्रॉस कंट्री ज्याचा एक भाग असतो ती स्पर्धा) करते आणि इथल्या लुमुलेनच्या स्पर्धेत उड्यांवर स्वयंसेवक म्हणून उभी राहते. 'घोडं अंगावर पडलं तर' हा प्रश्न अजून कुणी नीट घेतला नाही, म्हणून लिहिते.

१९९९ साली ब्रिटनमध्ये एका वर्षात पाच इव्हेंटिंग स्वार दगावले. त्यानंतर लॉर्ड हार्टिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा अहवाल २००० मध्ये आला. गाभा असा की घोडं पडूच नये यासाठी जे जे करता येईल ते करा. सर्वात घातक पडणं कुठलं, तर घोड्याचे पुढचे पाय किंवा छाती पक्क्या ओंडक्याला अडते, मागचा भाग वर उचलला जातो, घोडं कोलांटी खातं आणि स्वार त्याच्या खाली येतो. तिथे साधारण पाचशे किलोचं धूड थेट छातीवर. फोम दबून केव्हाच संपलेला असतो.

यावर दोन वाटा निघाल्या. एक, स्वाराभोवती पिंजरा करायचा. वूफ वेअर कंपनीचं 'एक्सो' नावाचं धातूच्या सांगाड्याचं जाकीट आलं होतं, चिरडण्यापासून वाचवण्यासाठीच बनवलेलं. पण जड, महाग, आणि उघडायला ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) लागायची. बेशुद्ध स्वाराजवळ पोचलेल्या वैद्यकीय पथकाने आधी ती किल्ली शोधायची! ते पुढे बंद झालं. दुसरी वाट, अडथळाच असा करायचा की जोर आला तर खांब खाली यावा. ब्रिटनमध्ये परिवहन संशोधन प्रयोगशाळेच्या मदतीने तुटणारे पिन आले, पुढे स्वीडनचे एमआयएम क्लिप आले. लुमुलेनला मी उभी असते तेव्हा माझ्या कामाचा एक भाग हाच, क्लिप सुटला की लगेच कळवणं.

अनघा, म्हणून क्लबला जाकिटाच्या आधी हे विचार: मुलांच्या सरावाच्या रानातले अडथळे किती उंचीचे, आणि ओंडके जमिनीत घट्ट रोवलेत की उचलता येतात?

गोमंतक_दर्या

हे पटलं. पिंजऱ्याची गोष्ट माहीत नव्हती. आता हवेच्या जाकिटाचं सांगा. माझा भाचा दुबईत घोडेस्वारी करतो, त्याच्या प्रशिक्षकाने घ्यायला लावलंय.

निळावंती

हवेच्या जाकिटातून एक दोरी खोगिराला अडकवलेली असते. स्वार फेकला गेला की दोरी ताणते, कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं फुटतं आणि जाकीट फुगतं. जपानी हिट-एअर आधी आलं, मग ब्रिटिश पॉइंट टू, फ्रेंच हेलिट. २०१० मध्ये अमेरिकेतल्या केंटकीच्या स्पर्धेत ब्रिटिश स्वार ऑलिव्हर टाउनएंड 'ॲशडेल क्रूझ मास्टर' या घोड्यासकट भयंकर पडला. छातीचं हाड, बरगड्या, कॉलरबोन गेलं, पण वाचला, आणि त्याने श्रेय हवेच्या जाकिटाला दिलं. त्यानंतर लोकांची झुंबड उडाली.

इव्हेंटिंगच्या क्रॉस कंट्रीत ते फोमच्या जाकिटावरून घालावं लागतं, फोमच्या ऐवजी चालत नाही.

सह्यकडा

वेळेचा हिशेब देतो. दीड मीटर पडायला साधारण ०.५५ सेकंद लागतात. जाकीट फुगायला एक दशांश सेकंदाच्या आसपास, असं कंपन्या सांगतात. पण घड्याळ दोरी ताणल्यावर सुरू होतं. दोरी सैल असेल तर अर्धा रस्ता त्यातच गेला. आणि निळावंती म्हणतात तसं कोलांटीच्या पडण्यात घोडं आणि स्वार बराच वेळ एकत्रच खाली येतात, मग दोरी ताणायलाच उशीर. यंत्रावर मात्र आम्ही आधीच फुगवून ठेवलेल्या जाकिटावर वजन टाकतो. बरीच जाकिटं ईएन १६२१-४ या मोटरसायकलच्या मानकावर पास झालेली असतात. त्यात लेव्हल २ ची मर्यादा २.५ किलोन्यूटन, म्हणजे आकडे सुरेख दिसतात. हवेला थांबवायला अंतर जास्त मिळतं, त्यामुळे ते दिसणारच.

डॉ_मोरपंख

सुरेख आकड्यांपुढे प्रत्यक्षाची एक नोंद ठेवते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आंतरराष्ट्रीय इव्हेंटिंगमधल्या २०१५ ते २०१७ च्या पडण्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. हवेचं जाकीट घातलेल्या स्वारांमध्ये गंभीर किंवा जीवघेण्या इजेची शक्यता, नुसतं फोमचं घातलेल्यांपेक्षा साधारण १.७ पट जास्त निघाली.

लगेच घाबरू नका. जाकिटामुळे इजा झाली असं यातून सिद्ध होत नाही. कोण घालतं, किती कठीण मार्गावर घालतं, याने निकाल बदलू शकतो. पण "हवेचं घातलं म्हणजे निश्चिंत" या म्हणण्याला आज आधार नाही एवढं नक्की.

रिकीब_पुणे

त्यात अजून एक. हवेचं जाकीट घातलेलं माणूस दोरी न सोडता खाली उतरतं आणि धाडकन आवाज! आमच्या क्लबात एका बाईंचं फुटलं तर शेजारच्या तीन घोड्यांनी मैदान सोडलं. त्या तिथेच फुगून उभ्या, हात खाली येईनात. हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. पण मुलांच्या तासाला असं झालं तर नवख्या पोरांचे घोडे उधळतील. म्हणून घ्यायचंच तर दोरी लावायची-काढायची सवय आधी उभ्या घोड्यावर करून घ्या.

मोकाशी_काका_नागपूर

मी आतापर्यंतचं सगळं बसून वाचलं. डॉक्टर बाईंचं प्लीहेचं वाचून आमच्या एका सोबत्याची आठवण झाली. टाप लागली होती, हसत चहा प्यायला, संध्याकाळी इस्पितळात नेला. तेव्हा कुणाला कारण समजलं नव्हतं. वाचला तो. जाकीट घ्या, अनघाबाई. आणि पडायलाही शिकवा. दोन्ही करा.

अनघा_मिडलंड्स

काका, दोन्ही करणार. तुमच्या उस्तादांचं वाक्य लेकीला सांगितलं, तिला फारच आवडलं.

पारिजात_ठाणे

थोडं विषयांतर. माथेरानला गाड्यांना बंदी, त्यामुळे आपण सगळेच मुलांना बिनधास्त घोड्यावर बसवतो. तिथे जाकिटाचा प्रश्नच नाही, पण निदान हेल्मेट मागून घ्यायला हवं ना? मागच्या वेळी मी मागितलं तर घोडेवाल्याने आणून दिलं, पण पट्टा तुटलेला.

डॉ_मोरपंख

विषयांतर मुळीच नाही. घोड्यावरून पडून जीव जातो तो बहुतेक वेळा डोक्याच्या माराने. क्रम लावायचा तर आधी नीट बसणारं, पट्टा लागलेलं हेल्मेट, मग जाकीट. पट्टा नसलेलं हेल्मेट पहिल्याच हिसक्यात निघून जातं. व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठाने डिसेंबर २०२२ पासून घोडेस्वारीच्या हेल्मेटना तारे द्यायला सुरुवात केलीय, नवं घेणाऱ्यांनी ती यादी बघावी.

सह्यकडा

आणि नेमकं हेच जाकिटांना हवंय. आज चाचणी 'पास' किंवा 'नापास' एवढंच सांगते. मर्यादेच्या जेमतेम आत बसलेलं लेव्हल ३ आणि मर्यादेच्या निम्म्यात बसलेलं लेव्हल ३, दोघांवर लेबल एकच. आकडा प्रयोगशाळेच्या अहवालात असतो, आईबापांपर्यंत पोचत नाही. तो छापून द्यायला काय हरकत आहे? मला हे अनेक वर्षं खुपतंय. दुचाकीच्या पॅडचंही तेच.

गोमंतक_दर्या

सह्यकडा, सुरुवातीला मी चाचणीला नाव ठेवलं, पण तुमचं हे मागणं मला शंभर टक्के पटतंय. ग्राहकांनी विचारायला लागलं तर कंपन्या देतील. मी भाच्याला सांगतो, दुकानात आकडा माग म्हणून.

निळावंती

अनघा, मूळ प्रश्नावर येते. लेव्हल ३ मधल्या दोन जाकिटांत फरक करायचा तर मी फिटिंगवर करेन. आघात यंत्रावर नेमका फोमवर पडतो. अंगात जाकीट सरकलेलं असेल तर तो फोम बरगडीवर नसतोच. बघायचं असं:

वर पाठीमागे, मान खाली वाकवल्यावर जे ठळक हाड हाताला लागतं तिथपर्यंत जाकीट यायला हवं. समोर खालची कड शेवटच्या बरगडीच्या किमान २५ मिलिमीटर खाली. मागे मात्र फार लांब नको, बसल्यावर खोगिराच्या मागच्या उंचवट्याला टेकलं तर प्रत्येक उडीला जाकीट वर ढकललं जातं आणि मानेत रुततं. म्हणून दुकानात खोगिरावर बसवूनच बघ. चांगल्या दुकानात लाकडी घोडा ठेवलेला असतो. तिला उडीच्या पवित्र्यात पुढे झुकायला, हात वर करायला, वाकायला लाव. पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढ. घट्ट बसलं पाहिजे, पण पूर्ण श्वास घेता आला पाहिजे.

'पुढच्या वर्षी होईल' म्हणून एक माप मोठं घेऊ नकोस. शाळेच्या गणवेशात चालतं, इथे नाही.

रिमझिम०७

गणवेशाचं वाक्य माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं :) माप मोठं घ्यायचं मनात होतंच.

अनघा_मिडलंड्स

सगळ्यांना कळवते. काल शनिवारी दुकानात गेलो. जुनं जांभळ्या लेबलाचं जाकीट मैत्रिणीच्या आईला आभार मानून परत दिलं आणि रिकीबदादांचं सगळं सांगितलं. त्यांना स्वतःलाही वयाची कल्पना नव्हती, त्या ते आता कुणालाच देणार नाहीत.

दुकानात तिने तीन-चार जाकिटं घालून बघितली. एक अगदी आवडतं होतं, रंगही तिच्या पसंतीचा, पण खोगिरावर बसवल्यावर मागून वर ढकलत होतं. विक्रेता म्हणाला, सवय होईल. आम्ही नको म्हटलं. दुसऱ्या कंपनीचं, तुकड्यातुकड्यांच्या फोमचं, तिला बसलं. लेव्हल ३, निळं-काळं लेबल. सह्यकडांचा आकडा मागितला, विक्रेत्याला प्रश्नच नवा होता. कंपनीला ईमेल केलाय, उत्तर आलं तर इथे टाकते.

हवेचं सध्या घेत नाही. ती अजून लहान उड्यांवर आहे, आणि त्या पैशांत पडण्याच्या प्रशिक्षणाचा वर्ग आणि नवं हेल्मेट बसतंय. क्लबलाही विचारलं: मुलांच्या रानातले ओंडके बहुतेक रोवलेले आहेत, पण पहिल्या हंगामात उचलता येणाऱ्याच अडथळ्यांवर सराव घेतात.

एक शेवटचं. हे जाकीट घरी ठेवायचं कसं? आमच्या गाडीच्या डिकीत सगळं सामान कायम पडलेलं असतं.

रिकीब_पुणे

डिकीत नको. उन्हात गाडी तापते, फोम नरम पडतो आणि वर सामान असलं की तसाच दबून बसतो. जाड हँगरवर टांगा. भिजलं तर सावलीत वाळवा, हीटरवर टाकू नका. महिन्यातून एकदा आतून अंगठ्याने सगळीकडे दाबून बघा. कुठे खड्डा पडून परत येत नसेल तर ती जागा गेली समजा. खरेदीची तारीख आतल्या लेबलावर पक्क्या शाईने लिहून ठेवा.

सह्यकडा

ईमेलचं उत्तर आलं की नक्की टाका. त्यात फक्त 'मानकाप्रमाणे' असं लिहून पाठवलं तर पुन्हा लिहा आणि स्पष्ट विचारा: लेव्हल ३ च्या आघाताला सरासरी किती बल पार गेलं, आणि एका फटक्यातलं सर्वात जास्त किती. दोन्ही आकडे त्यांच्याकडे असतातच.